बाहेर एक पॉइंट काढायचा आहे

घर बांधून झालं, रंग लागला, वास्तुशांत झाली की वर्षभरात एक मागणी निघतेच: "बाहेर एक पॉइंट काढून द्या." कुणाला गाडी धुवायचं प्रेशरचं मशीन लावायचं असतं, कुणाला टाकीत पाणी चढवायची मोटर. दिवाळीत आकाशकंदील, गणपतीत माळा, लग्नघर असेल तर मांडवाचे दिवे, आणि आता नव्याने इलेक्ट्रिक स्कूटर. तोवरचं काम खिडकीतून बाहेर सोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर भागवलेलं असतं. वायरमन येतो, खिडकीजवळच्या बोर्डातून दोन वायरी ओढतो, भिंतीला भोक पाडून बाहेर एक प्लास्टिकचा बोर्ड ठोकतो. तासाभरात काम उरकतं, दिवा लावून दाखवला जातो आणि चहा होतो. त्या तासाभरात जे करायचं राहून गेलं, त्याबद्दल हा लेख आहे.

घरातली आणि अंगणातली वीज एकच असते, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. फरक पडतो तो तिच्याजवळ जाणाऱ्या माणसात. दिवाणखान्यात तो कोरड्या फरशीवर, पायात स्लिपर घालून उभा असतो. अंगणात तोच माणूस अनवाणी, ओल्या शहाबादीवर, एका हातात पाण्याचा पाइप धरून वाकलेला असतो. कोरडी कातडी विजेला बऱ्यापैकी अडवते, तिचा रोध काही हजार ओहम भरतो. ती भिजली की हातापासून पायापर्यंतच्या सगळ्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो. २३० व्होल्टला हजार ओहमने भागलं की ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. बाहेरच्या सॉकेटची सगळी रचना या एका आकड्याला तोंड देण्यासाठी असते.

एवढा प्रवाह शरीराला किती जड जातो, हे मोजण्यासाठी काही माणसांनी स्वतःच्या अंगावर प्रयोग करून घेतले आहेत. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डालझील नावाच्या प्राध्यापकांनी विसाव्या शतकाच्या मध्याला स्वयंसेवकांच्या ओल्या हातात तांब्याची तार देऊन प्रवाह हळूहळू वाढवत नेला. तार सोडता येईनाशी झाली की थांबायचं. पुरुषांची ही मर्यादा सरासरी १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांची सुमारे साडेदहा. त्याच्या वर गेलं की हाताच्या सगळ्या स्नायूंना एकदम पेटके येतात, आणि मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्यांपेक्षा बळकट असल्यामुळे मूठ मिटूनच राहते. वीज माणसाला ओढून घेते असं आपण ऐकत आलो, पण धरून ठेवणारी मूठ त्याची स्वतःचीच असते. ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगलमायर या शास्त्रज्ञाने तर स्वतःच्याच शरीरातून प्रवाह सोडून मोजमापं घेतली.

या आणि पुढच्या संशोधनातून जे चित्र उभं राहिलं ते असं: एक मिलिअँपिअरच्या आसपास मुंग्या आल्यासारखं वाटतं, दहाच्या पुढे मूठ अडकते, तिसाच्या आसपास छातीचे स्नायू आखडून श्वास घेणं अवघड होतं, आणि त्याहून वर गेलं की हृदयाचा ताल बिघडण्याची भीती सुरू होते. हृदय थांबत नाही, ते नुसतं थरथरत राहतं. रक्त पुढे ढकललं जात नाही, आणि काही मिनिटांत सगळं संपतं. यात प्रवाहाइतकीच वेळही महत्त्वाची आहे. प्रत्येक ठोक्यामध्ये एक नाजूक क्षण येतो. धक्का जितका लांबेल तितका तो क्षण त्यात सापडण्याचा संभव वाढतो.

आता एमसीबीकडे पाहू. बहुतेकांचा समज असा की घरात एमसीबी आहेत, म्हणजे शॉक लागला तर ते पडतील. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरपर्यंत पडूच नये म्हणून बनवलेला असतो. त्याचं काम वायर तापू न देणं. माणसातून वाहणारे ०.२३ अँपिअर म्हणजे जेमतेम पन्नास वॉट. कुणीतरी अंगणात एक दिवा लावला, एवढीच एमसीबीच्या लेखी त्या माणसाची नोंद होते.

ही उणीव भरून काढणारं उपकरण म्हणजे आरसीसीबी. आपल्याकडे अजून कित्येक जण त्याला ईएलसीबीच म्हणतात, आणि दुकानदारालाही ते कळतं. आत एक चुंबकीय धातूचं कडं असतं. घरात येणारी फेज आणि परत जाणारी न्यूट्रल, दोन्ही वायरी त्या कड्यातून जातात. दुकानदार रात्री गल्ला मोजतो तसा तिथे क्षणाक्षणाला हिशेब चालू असतो: गेले किती, आले किती. मोटरकडे पाच अँपिअर गेले आणि पाच परत आले, तर दोन वायरींचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडून काढतात आणि कड्याला काही कळतच नाही. पण पाच गेले आणि ४.९७ आले, तर उरलेले तीस मिलिअँपिअर तिसऱ्याच वाटेने जमिनीत गेले, हे उघड आहे. ती वाट भिजलेली भिंत असेल, मोटरचं कवच असेल किंवा माणूस असेल. एवढ्याशा तफावतीने कड्यात चुंबकत्व जागं होतं, त्यावरच्या बारीक तारेच्या वेटोळ्यात वीज उमटते, आणि तेवढ्या विजेने एक छोटं चुंबकीय कुलूप सुटतं. कुलपामागे ताणून ठेवलेली स्प्रिंग दोन्ही वायरी एकदम तोडते. चांगल्या आरसीसीबीत यासाठी ना बॅटरी लागते ना इलेक्ट्रॉनिक सर्किट. जी वीज चोरीला जात असते, तीच खटका दाबते.

तीस मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने तेवढ्या गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवं. गळती पाचपट झाली तर ४० मिलिसेकंदांच्या आत. हृदयाचा एक ठोका साधारण ८०० मिलिसेकंदांचा धरला, तर चाळीस म्हणजे त्याचा विसावा भाग. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आरसीसीबी प्रवाहाला तीसवर रोखून धरत नाही. तेवढ्या अवधीत अंगातून पूर्ण २३० मिलिअँपिअर जातात, झटका सणसणीत बसतो आणि माणूस उडतोसुद्धा. फक्त तो जिवंत राहण्याची शक्यता फार मोठी असते. आणि एक हात फेजला, दुसरा न्यूट्रलला लागला तर हे उपकरण काहीही करू शकत नाही, कारण गेले तितकेच परत आलेले असतात.

भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनी घरगुती जोडणीसाठी गळतीची मर्यादा ३० मिलिअँपिअर घातलेली आहे. अगदी छोट्या भाराच्या जोडण्यांना त्यातून सूट आहे. माझ्या मते बाहेरच्या सॉकेटपुरती ही सूट कुणीच घेऊ नये. दुकानात १०० आणि ३०० मिलिअँपिअरचे आरसीसीबीही मिळतात. ते दिसायला सारखेच असतात, पण आगीपासून संरक्षणासाठी असतात, माणसासाठी नव्हे. डब्यावरचा आकडा वाचूनच घ्यावा. संबंध घराला एकच आरसीसीबी असेल तर अंगणातल्या ओल्या माळेमुळे रात्री फ्रिजसुद्धा बंद पडतो. म्हणून बाहेरच्या लाइनला स्वतंत्र आरसीबीओ बसवावा. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकत्र असतात: १६ अँपिअर, ३० मिलिअँपिअर.

या यंत्रामागे अर्थिंग हवंच, पण त्याबद्दल आपल्याकडे जितकी श्रद्धा आहे तितकी माहिती नाही. बहुतेक स्वतंत्र घरांचं अर्थिंग त्या घराचं स्वतःचं असतं: अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा, त्यात अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर फनेल आणि सिमेंटचं झाकण. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायची जुन्या माणसांची सवय होती, आणि ती शास्त्रशुद्ध होती. कोरडी माती वीज नेत नाही. देशावरच्या काळ्या मातीत ओल टिकते, तिथे अर्थिंग चांगलं मिळतं. पण तीच माती मे महिन्यात भेगाळून पाइपापासून सुटते. कोकणातल्या जांभ्यात तर भर पावसातही चांगलं अर्थिंग मिळवताना दमछाक होते. मीठ दर पावसाळ्यात थोडं थोडं वाहून जातं, आणि जाता जाता पाइपही खातं.

समजा, अर्थिंगचा रोध १० ओहम आहे. पुष्कळ घरांत तो याहून जास्तच असतो. मोटरच्या आत फेजची वायर सुटून कवचाला टेकली. अर्थिंगमधून जास्तीत जास्त २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर जातील. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी ताबडतोब पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. २३ अँपिअरला तो तापून पडेल, पण त्याला तासभरही लागू शकतो, आणि मानकाच्या हिशेबाने तासाभरातही पडेल याची हमी नाही. तेवढा वेळ मोटरचं कवच जवळजवळ दोनशे व्होल्टवर राहणार, आणि पंप चालतोय ना, हे बघायला कुणीतरी त्यावर हात ठेवणार. "अर्थिंग आहे ना, मग काय होतंय" या वाक्यातला धोका हाच.

हेच गणित आरसीसीबी धरून करून पाहू. त्याला पडायला ०.०३ अँपिअर पुरतात. जांभ्यातलं १०० ओहमचं, वायरमनने नाक मुरडावं असलं अर्थिंग असलं तरी बिघाडाच्या वेळी दोन अँपिअर सहज वाहतात. मशीन बिघडलं त्याच क्षणी, कुणाचा हात लागण्याआधीच लाइन तुटते. अर्थिंग अजिबात नसेल तर मात्र आरसीसीबी माणसाचा हात लागेपर्यंत थांबतो, कारण गळतीला तीच पहिली वाट मिळते. दोन्ही हवीत ती यासाठी.

आता तो डबा. बाहेरच्या सॉकेटवर आयपी या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला धूळ आणि बोटं-तारा आत जाण्याबद्दल, दुसरा पाण्याबद्दल. आयपी ४४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारं पाणी सोसणारा. आयपी ५५ आणि ६५ यांतला पाचाचा अर्थ पाण्याची धार सोसणारा, आणि ही धारही ठरलेली आहे: ६.३ मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला साडेबारा लिटर, अडीच-तीन मीटरवरून. सहाला तोंड साडेबारा मिलिमीटरचं आणि पाणी मिनिटाला शंभर लिटर. सातचा डबा मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवून बघतात. पश्चिम महाराष्ट्रात छपराच्या आत, व्हरांड्यात आयपी ४४ चालेल. पण उघड्या भिंतीला, आणि कोकणात किंवा महाबळेश्वरसारख्या घाटमाथ्यावर तर वळचणीखालीसुद्धा आयपी ५५ किंवा ६५ घ्यावा. तिथला पाऊस आडवा येतो. वरच्या छपराचा त्याच्यावर फारसा धाक नाही.

खरेदी करताना एक प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो बहुतेक कुणी विचारत नाही: हा आकडा झाकण मिटल्यावरचा, की प्लग लावलेला असतानाचाही? स्वस्त डब्यांचं झाकण प्लग खुपसला की बंद होत नाही. म्हणजे सॉकेट वापरात नसताना सुरक्षित, आणि वापरताना उघडा! खोल पोटाचा डबा घ्यावा. त्यात प्लग आत राहून झाकण लागतं आणि वायर खालच्या खाचेतून बाहेर येते. स्कूटर रात्रभर चार्जिंगला लावणाऱ्यांना तर दुसरा पर्यायच नाही. प्लास्टिकही बघून घ्यावं. हलकं पीव्हीसी दोन उन्हाळ्यांत पिवळं पडून तडकतं. उन्हासाठी बनवलेलं पॉलिकार्बोनेट टिकतं. समुद्रकाठी स्क्रू स्टेनलेसचे हवेत. साध्या स्क्रूंना वर्षभरात गंज धरतो आणि मग डबा उघडायला पहार आणावी लागते.

पाणी मात्र समोरून कमी आणि मागून जास्त येतं. गवंड्याने पाडलेलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं असावं, आत उतरतं नको, नाहीतर भिंतीवरून ओघळलेलं पाणी पाइपातून थेट घरातल्या बोर्डात पोचतं. वायर डब्यात खालून शिरावी, आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून आलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. जिथून वायर आत जाते तिथे रबरी ग्लँड हवी. डब्याच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला सिलिकॉन भरावं, खालची कड मोकळी ठेवावी. चारही बाजू बंद करणारे उत्साही लोक असतात, पण दिवसा तापलेला डबा रात्री थंड होताना हवा आत ओढतो, हवेबरोबर दमट वाफ येते, आणि सकाळी आतल्या भिंतींवर दव जमलेलं असतं. त्या पाण्याला जायला वाट पाहिजे. म्हणून बऱ्याच डब्यांच्या तळाशी फोडून काढायचं एक बारीक भोक दिलेलं असतं.

भोक ठेवलं की पाहुणे येतात. मुंग्या अंडी घेऊन येतात, पाल उबेला येऊन बसते आणि कधी दोन टर्मिनलांच्या मध्ये आडवी पडून स्वतः जाते आणि लाइनही पाडते. सगळ्यांत मनापासून काम करते ती कुंभारीण. ही माशी सॉकेटच्या भोकात ओल्या मातीचं घरटं लिंपते, आणि भोकाचं माप तिला इतकं पसंत पडतं की तिन्ही भोकं भरून टाकते. अर्थचं भोक मातीने भरलं की प्लग पुरता बसत नाही, जोर करून बसवला तर अर्थची पिन टेकतेच असं नाही. झडपा असलेला सॉकेट घेतला आणि झाकण नेहमी मिटून ठेवलं तर हा त्रास टळतो.

आपल्या तीन पिनच्या प्लगमध्ये अर्थची पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब यासाठी, की प्लग घालताना अर्थ सगळ्यांत आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावा. ती आत गेल्यावरच फेज आणि न्यूट्रलच्या झडपा उघडतात. किती साधी आणि किती विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे ही! आणि आपण अर्थच्या भोकात रिफिल खुपसून झडपा उघडतो आणि दोन पिनचा प्लग आत कोंबतो. मांडवात तर प्लगही नसतो. उघड्या वायरी सॉकेटमध्ये घालून त्या सुटू नयेत म्हणून काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या असतात.

जागा निवडताना आधी नळ बघावा. मोरी, नळ, टाकीचं झाकण यांच्यापासून सॉकेट जितका दूर तितका बरा. उंची कमरेइतकी किंवा थोडी वर ठेवावी. जमिनीवर आपटणारा पाऊस हात-दीड हात सहज उडतो, आणि पूररेषेजवळच्या घरांनी तर मागच्या पुराची खूण बघून त्याच्याही वर जावं. आणखी एक गोष्ट पुस्तकांत सापडत नाही, पण आपल्याकडे जीव घेते: कपडे वाळत घालायची तार. पत्र्याच्या शेडमधून विजेची वायर जाते, तिची कातडी पत्र्याच्या धारेवर घासून निघते, पत्र्यात वीज उतरते आणि त्याच पत्र्याला बांधलेल्या तारेवर बाई ओला कपडा टाकायला जाते. सॉकेटकडे जाणारी वायर पत्र्याला, लोखंडी खांबाला किंवा जाळीला टेकवून नेऊ नये. कपड्यांना नायलॉनची दोरी बांधावी.

वायर तांब्याची, आयएसआय छापाची, सोळा अँपिअरच्या पॉइंटला अडीच स्क्वेअर मिलिमीटरची घ्यावी, आणि तिन्ही वायरी एकाच वेळी ओढाव्यात: लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. "अर्थ नंतर ओढू" म्हटलेली अर्थ सहसा ओढली जात नाही. तीस मीटर लांब नेली तर पंधरा अँपिअरला साधारण सात व्होल्ट वाटेत गळतात. त्याहून लांब असेल तर चार स्क्वेअर घ्यावी. मध्ये जोड नको. टेप गुंडाळलेला जोड पहिल्याच पावसात दगा देतो. फाटकापर्यंत जमिनीतून जायचं असेल तर आर्मर्ड केबल घ्यावी, पाऊण मीटर खोल, वाळूत बसवून वर विटांची रांग, म्हणजे उद्या झाड लावणाऱ्याची कुदळ आधी विटेवर पडेल. सॉकेटला घराच्या आत एक डबल पोल स्विच हवा, म्हणजे गावाला जाताना फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडून जाता येतं. बाहेरच्या वीजचोरीलाही त्यानेच आळा बसतो.

हे काम कुणी करावं? नियमाने ते परवानाधारक ठेकेदाराचं आहे. आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्री होऊन आलेली मुलं गावोगाव आहेत. घरमालकाने स्वतः पकड-पेचकस हातात घेण्यापेक्षा काय मागायचं आणि काय तपासायचं हे जाणून घ्यावं. तरीही डबा उघडायची वेळ आलीच तर मेन स्विच पाडावा, इन्व्हर्टरही बंद करावा (हा हमखास विसरला जातो, आणि मेन पाडूनही त्याची लाइन जिवंत राहते), आणि मग टेस्टर लावावा.

टेस्टरवर मात्र फार भिस्त ठेवू नये. त्यातला निऑनचा दिवा लागतो तो आपल्याच शरीरातून वाहणाऱ्या विजेवर. मध्ये सुमारे दहा लाख ओहमचा रोध असतो, म्हणून तो प्रवाह जेमतेम ०.२ मिलिअँपिअर असतो आणि कळत नाही. पण कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं, किंवा भर उन्हात बाहेर बघितलं, तर लाइन जिवंत असूनही दिवा दिसत नाही. म्हणून आधी चालू सॉकेटवर टेस्टर लागतो का ते बघायचं, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मल्टिमीटर असेल तर उत्तम.

काम झाल्यावर समोरून बघताना, अर्थ वर असताना, फेज उजव्या हाताला आली पाहिजे. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज ते अर्थही तेवढेच, न्यूट्रल ते अर्थ शून्य किंवा दोन-चार व्होल्ट. पण फेज ते अर्थ २३० दाखवलं म्हणून अर्थिंग चांगलं, असं होत नाही. मल्टिमीटर इतका कमी प्रवाह घेतो की हजारो ओहमचं निकामी अर्थिंगही त्याला चांगलंच वाटतं. अर्थ टेस्टरने खड्ड्याचा रोध मोजून घ्यावा, आणि ५०० व्होल्टच्या मेगरने वायरींच्या वेष्टनाची परीक्षा करावी. तिथे किमान एक मेगओहम यायला हवा. ही यंत्रं ज्या वायरमनच्या पिशवीत असतील त्याला दोनशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही.

आरसीसीबीवर एक टी अक्षराचं बटण असतं. ते दाबलं की उपकरण स्वतःच्या आत एक खोटी गळती तयार करतं आणि पडतं. महिन्यातून एकदा ते दाबावं, कारण वर्षानुवर्षं न हललेली स्प्रिंग आणि खटका चिकटून बसतात. मात्र हे बटण फक्त उपकरणाची परीक्षा करतं. अर्थिंग मुळीच नसलेल्या घरातही ते तितक्याच झोकात पडेल.

इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांसाठी थोडं वेगळं आहे. चार्जर आतमध्ये एसीची डीसी करतो, आणि त्यात बिघाड झाला तर गळतीही डीसीसारखी होऊ शकते. साधा, एसी प्रकारचा आरसीसीबी अशा गळतीपुढे आंधळा होतो. त्याचं कडं एकाच दिशेने भरून जातं आणि खऱ्या गळतीलाही ते दाद देत नाही. ए प्रकारचा आरसीसीबी घ्यावा. त्याच्यावर साध्या लाटेच्या चिन्हाखाली तुटक अर्धवर्तुळांचं आणखी एक चिन्ह असतं. किंमत थोडी जास्त पडते. रोज रात्री सहा-आठ तास भार घेणाऱ्या सॉकेटच्या टर्मिनलांचे स्क्रूही दर सहा महिन्यांनी आवळून घ्यावेत. सैल स्क्रू तापतो, तापून आणखी सैल होतो, आणि काळी पडलेली पिन त्याची बातमी देते.

सगळं नीट बसवल्यावरही पहिल्या पावसाळ्यात आरसीसीबी पडू लागेल. या ठिकाणी हमखास एक गुन्हा घडतो. वायरमनला बोलावलं जातं, तो "हा फार सेन्सिटिव्ह आहे" म्हणतो, वायरी सरळ जोडून आरसीसीबी बाजूला काढतो, आणि सगळे खूश होतात. आमच्याही एका जुन्या घरात असाच बायपास केलेला आरसीसीबी वितरण पेटीत शोभेला बसलेला सापडला होता. त्याऐवजी असं करावं: बाहेरचे सगळे प्लग काढून आरसीसीबी वर करावा. टिकला, तर दोष मोटरीत किंवा माळेत आहे. एकेक लावून बघितलं की चोर सापडतो. प्लग काढूनही पडला, तर डबल पोल स्विच बंद करून पुन्हा बघावं. आता टिकला तर पाणी सॉकेटच्या डब्यात किंवा तिथवरच्या पाइपात आहे. डबा उघडून पुसायचा, वाळू द्यायचा, ग्लँड आणि झोळ तपासायचे. स्विच बंद असूनही पडत असेल आणि पावसाशी त्याचा काही संबंध दिसत नसेल, तर बहुधा कुणीतरी या लाइनची न्यूट्रल दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलला जोडली आहे. गेलेली वीज भलत्याच वाटेने परत येते, हिशेब जुळत नाही, आणि आरसीसीबी बरोबरच पडतो. ती न्यूट्रल शोधून वेगळी करण्यात अर्धा दिवस जातो. तेवढी मजुरी आनंदाने द्यावी.